परदेशी पदवी आणि खालूंचा प्लॉट

गेल्या महिन्यात एका रविवारी माझी मावसबहीण घरी आली. तिच्या हातात ऑफर लेटरचा प्रिंट होता आणि मागे तिचे अब्बा, म्हणजे माझे खालू. ती नागपुरातच बी.ई. झाली आणि दोन वर्षांपासून मिहानमध्ये टेस्टिंगचं काम करते. पण तिचा जीव कोडमध्ये नाही, आकड्यांत आहे. बाजार का पडतो, बँक बुडते म्हणजे नेमकं काय होतं, हे ती कॉलेजपासून वाचत आली आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने तिला एम.एस्सी. फायनान्सला प्रवेश देऊ केलाय. अभ्यासक्रम एका वर्षाचा. फी, राहणं, व्हिसा आणि विमान धरून साधारण ३५ लाख रुपये. डिपॉझिट भरायला सहा आठवडे.

खालूंनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "याच्यावर बँक किती देईल, इंजिनिअरसाब?"

तो आरएल होता. नागपूरबाहेरच्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल. आपल्याकडे शेतजमिनीचे तुकडे पाडून जे लेआउट झाले, त्यातले बरेच अनधिकृत. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यानंतर नागपूर सुधार प्रन्यासकडे पैसे भरून असे भूखंड नियमित करून घेता येतात. त्याचं पत्र म्हणजे आरएल. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी कुटुंबांची आयुष्यभराची कमाई अशा एका पत्रात असते. खालूंची होती. घर बांधायचं राहिलं आणि प्लॉट तेवढा उरला.

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, तीन प्रश्न विचारले. हे विद्यापीठ कोणी सुचवलं? कन्सल्टंटने. जगात त्याचा क्रमांक कितवा? माहीत नाही. राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज केलास का? "भाई, ती आपल्यासाठी असते का?"

हा अग्रलेख त्या शेवटच्या प्रश्नामुळे लिहितोय.

आधी कन्सल्टंटबद्दल. बारा वर्षांपूर्वी मीही सीताबर्डीतल्या अशाच एका ऑफिसात बसलो होतो. तिथे एसी होता, भिंतीवर बिग बेनचा फोटो होता आणि सल्ला फुकट होता. फुकट कसा, हे मी विचारलं नाही. विद्यापीठं विद्यार्थ्यामागे कमिशन देतात आणि जिथून कमिशन येतं तीच नावं यादीत वर असतात, हे मला नंतर समजलं. मी 'प्रोसेसिंग'चे चाळीस हजार भरले. प्रवेश मिळाला, कर्ज मिळालं नाही आणि चाळीस हजार गेले. ते अब्बांनी कोणाकडून उसने आणले होते हेही मला नंतरच कळलं. सगळे कन्सल्टंट लबाड असतात असं नाही. पण जो तुमच्याकडून पैसे घेत नाही तो कोणाकडून तरी घेतो, एवढं तरी फायनान्स शिकायला निघालेल्या माणसाने आधी ओळखायला हवं.

आता हिशेब. ३५ लाखांपैकी बँक साधारण ८५ टक्के देते, बाकीचं मार्जिन मनी आपलं. म्हणजे कर्ज ३० लाखांचं धरू. व्याज ११ टक्के. अभ्यासाचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. दोन वर्षांत ६ लाख ६० हजार. मग ३६ लाख ६० हजारांवर दहा वर्षं महिन्याला साधारण ५०,४०० रुपये. एकूण परतफेड साठ लाखांच्या वर. हा हप्ता पौंडात पगार असेल तर जड नाही. पण ब्रिटनमध्ये पदवीनंतर थांबायला मिळतात दोन वर्षं, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच. त्यात व्हिसा देणारा मालक सापडला नाही तर परत यायचं, आणि तोच हप्ता नागपूरच्या किंवा पुण्याच्या पगारातून भरायचा. हा दुसरा हिशेब कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतो. माझं साधं मत असं आहे: परत येऊन इथल्या पगारात जे कर्ज फेडता येणार नाही, ते 'तिथे नोकरी लागेलच' या भरवशावर काढू नये. तारण घर किंवा प्लॉट असेल तर मुळीच नाही.

मग जायचंच नाही का? असं कोण म्हणतं? या शहरात तर असं म्हणणं शोभणारही नाही. आपण रोज ज्या दीक्षाभूमीवरून जातो, तिथे ज्यांनी १९५६ साली इतिहास घडवला, ते बाबासाहेब आंबेडकर मुळात परदेशात सार्वजनिक वित्त शिकून आलेले विद्यार्थी होते. संविधानाच्या मोठ्या सावलीत ही गोष्ट झाकली जाते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. म्हणजे आजच्या भाषेत बॉण्ड. १९१५ साली ते एम.ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था या विषयावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षीचा. शिक्षक होते एडविन सेलिगमन, करशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बडोद्यात त्यांना राहायला खोलीही मिळू दिली गेली नाही, हे आपण जाणतो. नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी १९१८ ते १९२० शिकवलं आणि पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. असे तीन ठिकाणचे पैसे जोडून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोचले. १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक. रुपयाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे पुढे त्यांनी साक्षही दिली.

यात दोन गोष्टी दिसतात. त्यांनी विषय आणि शिक्षक बघून जागा निवडली, जाहिरात बघून नव्हे. आणि पैसा एका जागेवरून आला नाही. शिष्यवृत्ती, बचत, राजाची मदत आणि मित्राचं बिनतारणी कर्ज, असं सगळं मिळून तो उभा राहिला.

आता आपल्या दारातल्या योजना. केंद्राची 'पढो परदेस' ही योजना २०१३-१४ पासून होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्याने परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढलं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असलं, तर सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरायचं. वरच्या हिशेबातले ते ६ लाख ६० हजार आठवा. अशा घरासाठी तो बोजा फार मोठा असतो. २०२२-२३ पासून ही योजना बंद झाली. इतर योजनांशी तिची सरमिसळ होते, असं कारण दिलं गेलं. मौलाना आझाद फेलोशिपही तेव्हाच गेली. यावर आपल्या समाजात जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण जे त्याचा लाभ घेऊ शकले असते त्यातल्या बहुतेकांना योजना होती हेच माहीत नव्हतं.

राज्याचं चित्र मात्र अगदीच काळं नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती मंजूर केली. दरवर्षी २७ जागा, सगळे अल्पसंख्याक आणि सगळ्या विद्याशाखा मिळून. सव्वा कोटीच्या वर मुसलमान असलेल्या राज्यात हा आकडा बघून हसावं की रडावं कळत नाही, पण २७ म्हणजे शून्य नव्हे. अटी दोन मोठ्या: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेत.

दुसरं दार आपल्यापैकी अनेकांना दिसतच नाही. इतर मागासवर्ग, भटके विमुक्त आणि विशेष मागासवर्गासाठी वेगळी परदेशी शिष्यवृत्ती आहे. ती १० जागांपासून सुरू झाली आणि पुढे ७५ पर्यंत वाढवली गेली. मोमीन, जुलाहा, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मुलाणी या जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम ओबीसी चळवळीने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून शासन निर्णय काढून घेतले. माझी मावसबहीण मोमीन आहे. तिचे दादा कामठीला मागावर बसायचे. तिला हे दार उघडं आहे, हे तिला त्या रविवारी माझ्या घरी कळलं.

आणि त्याच वेळी हेही कळलं, की तिच्या हातातल्या ऑफर लेटरवरचं विद्यापीठ पहिल्या दोनशेत नाही. म्हणजे दोन्ही शिष्यवृत्त्या बाद. कन्सल्टंटने हे सांगितलं नाही, कारण तो त्याचा विषय नव्हता. आपण आधी विद्यापीठ निवडतो आणि मग पैसा शोधायला निघतो. खिशात काही नसलेल्याने उलट करायला हवं: पैसा कोणत्या अटींवर मिळतो ते आधी बघायचं आणि त्या अटींत बसणाऱ्या विद्यापीठांतून निवड करायची.

तसं केलं की नकाशाही बदलतो. फायनान्स म्हणजे लंडन आणि न्यूयॉर्क, एवढंच आपल्या डोक्यात असतं. फ्रँकफर्ट हे युरोपीय मध्यवर्ती बँकेचं शहर, आणि तिथल्या गोएथे विद्यापीठात पैसा व वित्त या विषयाचा मास्टर्स शिकवणी फी न घेता चालतो. जर्मनीचा व्हिसा घ्यायला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात, पण ते पैसे राहण्यासाठी आपल्यालाच परत मिळतात. एक अडचण मात्र आहे आणि इंजिनिअर मंडळींनी ती नीट वाचावी: जर्मन सरकारी विद्यापीठं बहुधा पदवीत अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट मागतात. बी.कॉम., बी.ए. अर्थशास्त्रवाल्यांना जे सोपं, ते बी.ई.ला अवघड. इटलीत तर प्रादेशिक शिष्यवृत्ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. जितकी गरिबी तितका हक्क. फी माफ होते आणि वर हातखर्चही मिळतो. बोलोन्या, पादोवा आणि रोमचं तोर व्हेर्गाता ही सरकारी विद्यापीठं या पद्धतीत येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इटालियनमध्ये भाषांतर करून साक्षांकित करण्याचा व्याप आहे, पण रेशनकार्डावर नाव चढवून घेतलेल्या माणसाला त्याची काय भीती?

शेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची पूर्ण शिष्यवृत्ती फायनान्ससाठीही मिळते. दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. बुलढाण्याचा राजू केंद्रे हीच घेऊन लंडनला गेला आणि परतल्यावर त्याच्या एकलव्य संस्थेने विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या मुलामुलींना अशा अर्जांसाठी तयार करायला घेतलं. नागपूरच्या बौद्ध वस्त्यांतल्या पोरांना आज राजर्षी शाहू शिष्यवृत्तीची तारीख तोंडपाठ असते, कारण आधी गेलेला मोठा भाऊ मागच्याला सांगतो. ती साखळी आपल्याकडे नाही. मोमीनपुऱ्यातून दीक्षाभूमीचं अंतर चार-पाच किलोमीटर असेल. जाऊन विचारायला काय लागतं?

कोर्स कोणता, यावर फार लिहीत नाही. एमबीए वेगळं, मास्टर्स इन फायनान्स वेगळं आणि फायनान्शियल इंजिनिअरिंग वेगळं. कोड आणि गणित दोन्ही जमत असेल तर तिसरं बघा. इच्छा पारखून घ्यायची असेल तर आधी सीएफएची पहिली पातळी द्या; नोकरी सांभाळून नागपुरात बसून तिचा अभ्यास होतो आणि खर्च लाखाच्या आसपास. तिथेच कंटाळा आला तर ३५ लाख वाचले. आणि मुसलमान आहात म्हणून इस्लामिक फायनान्सच घ्या, असं कोणी सुचवलं तर जरा थांबा. क्वालालंपूरला त्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे, आखातात नोकऱ्याही आहेत. पण भारतात रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. परतायचं असेल तर हे लक्षात ठेवून निवडा.

आता व्याज. खालूंनी तो प्रश्न त्या दिवशी अगदी शेवटी काढला. "पण बेटा, सूद?"

मी आलिम नाही आणि फतवा देणार नाही. ज्याच्या मनाला व्याज खरंच टोचतं त्याची मी थट्टाही करणार नाही. ब्रिटनमधल्या मुसलमान विद्यार्थ्यांसमोरही हाच पेच आहे. तिथल्या सरकारने बिनव्याजी पर्यायासाठी २०१४ मध्ये लोकांची मतं मागवली, २०१७ मध्ये कायद्यात तरतूद केली आणि तरी तो पर्याय वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या हाती पडला नाही. गरजेपोटी सूट आहे म्हणणारे उलेमा आहेत, नाही म्हणणारेही आहेत. ज्याने त्याने आपल्या सद्सद्विवेकाला विचारावं. पण मला एक गोष्ट खटकली आणि मी ती खालूंना बोलूनही दाखवली. दारात उभी असलेली गाडी हप्त्यावरची आहे. भावाच्या दुकानासाठी कर्ज काढलं तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो मुलीच्या शिक्षणाच्या वेळीच का आठवतो? खालू गप्प बसले. मग म्हणाले, "बात तो सही है." त्यांचा हा मोठेपणा.

ज्यांना खरोखर व्याज नको आहे, त्यांच्यासाठी वाट आपण काढायला हवी. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्तीचा निधी काढला. त्याच्या पहिल्या लाभार्थी दोन स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन त्याच निधीवर लंडनला शिकले. शिकलेल्याने परत करायचं, त्यातून पुढचा शिकतो. आपल्याकडे कर्ज-ए-हसना हा शब्द शतकांपासून आहे, पण शिक्षणासाठी त्याचा हिशेब ठेवणारी वही नाही. जकातीतून दहावीच्या मुलांना वह्या वाटतो, फोटो काढतो आणि थांबतो.

आकडा सांगतो. मिहान, पुणे आणि हैदराबाद इथे नोकरीला असलेले नागपूरचे फक्त वीस मुसलमान इंजिनिअर महिन्याला पाच हजार बाजूला काढू शकले, तर वर्षाला १२ लाख होतात. त्यात दोघांचं मार्जिन मनी सहज भागतं. बँक जे देत नाही नेमकं तेच. अर्ज तपासणारे तिघे, वर्षाला हिशेब जाहीर, मुलामुलींना सारखा नियम, जमात-बिरादरी बघायची नाही. माझे पाच हजार मी धरले आहेत. बाकी एकोणीस जणांनी संपादकीय पत्त्यावर लिहावं.

सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं, की काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'नकारात्मक' विभाग समजून कर्ज टाळतात. खालू आरएल घेऊन दोन शाखांत गेले आणि दोन्हींनी वेगवेगळी कारणं सांगितली. तो लढा वेगळा आहे आणि तो लढायचाच आहे. पण सप्टेंबरची तारीख त्यासाठी थांबत नाही.

मावसबहिणीने ती ऑफर सोडली. रडली थोडी, मग एका कागदावर पहिल्या दोनशेतली सात विद्यापीठं, त्यांच्या तारखा आणि आयईएल्ट्सची तारीख लिहून फ्रीजवर चिकटवली. प्लॉटचा कागद परत खालूंच्या कपाटात गेला. आता काम आहे जात वैधतेचं. त्यासाठी १९६७ च्या आधीची नोंद लागते. तिच्या अब्बांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलंय, आपल्या निम्म्या घरांत असतं तसं. दादांचं दाखल-खारीज कामठीच्या जुन्या शाळेत असावं. त्यात 'मोमीन' लिहिलेलं निघालं तर पुढचा रस्ता सरळ आहे. मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून आम्ही दोघं जातोय. हेडमास्तर म्हणाले, कपाट उघडून ठेवतो, पण रजिस्टर तुम्हालाच शोधावं लागेल.